माळकऱ्याचा गळ

आता तुम्ही म्हणाल, गळ्यात तुळशीची माळ आणि हातात मासे धरायचा गळ, हे कसलं सोंग? म्हणा, बिनदिक्कत म्हणा. शेषेराव स्वतःच स्वतःला रोज तेच म्हणायचा, आणि म्हणून झालं की गुपचूप शेताची वाट धरायचा.

त्याचं गाव अहमदपूरपासून बारा किलोमीटर, धरणाच्या फुगवट्याला लागून. तीन एकर काळी जमीन पाण्याखाली गेलेली, उरलेली पाण्याच्या कडेकडेनं. पोरवयात ह्या माणसाला मासे धरायचा असा नाद, की शाळेचे गुरुजी हजेरी घ्यायला नदीवर यायचे. मग सत्ताविसाव्या वर्षी बापानं शेवटच्या दुखण्यात जवळ बोलावलं, माळ घालायला लावली, आणि नाद तिथंच तुटला. मासा ताटातून गेला, हातातूनही गेला. बायको गुणाबाई, तिनंही त्याच दिवशी माळ घातली. ह्याला चाळीस वर्षं होऊन गेली.

हातातून मासा गेला, पण हाताची खोड कुठं जाते? पाण्यात कुठं 'डुबुक' झालं की शेषेरावची मान आपोआप वळायची. गुणाबाई विचारायची, "काय बगून राहिलात?" तो म्हणायचा, "काई न्हाई. पाणी किती उतरलं ते बगतो."

घोळ झाला तीन वर्षांमागं, मकबूलच्या दुकानात. मकबूल म्हणजे अहमदपूरचा शिंपी, शेषेरावचा शाळेपासूनचा दोस्त. दुकानात त्याची नात मनतशा मोबाईल बघत बसली होती. परदेशातली कुठली तरी थंडगार नदी, कमरेएवढ्या पाण्यात उभी माणसं, आणि दोरीच्या टोकाला किड्यासारखं काहीतरी. ते पाण्यावर पडायचं आणि खालून मासा उसळी मारून घ्यायचा. शेषेरावनं मोबाईल हिसकावूनच घेतला.

"किडा जिता हाय का गं?"

"न्हाई आजोबा. पिसं हायेत. धाग्यानं बांधून किडा केलाय."

"आन् माशाचं काय करतेत?"

"सोडून देतेत की. बगा, गेला पण."

झालं! माणूस दोन दिवस धड जेवला नाही. गांडूळ गळाला टोचायचं म्हणजे एक जीव घेतला, मासा कापायचा म्हणजे दुसरा. माळकऱ्याला दोन्ही वर्ज्य. पण पिसाला कुठं जीव असतो? आणि सोडलेला मासा तर जिताच! चाळीस वर्षं बंद पडलेलं दार असं एकदम किलकिलं झालं. मकबूलनं घरच्या कोंबडीच्या मानेची पिसं काढली, बारीक धाग्यानं गळावर असे किडे बांधले की मनतशासुद्धा आजोबाला म्हणाली, "दादा, हे उडतील हां." गळाचा उलटा काटा कानशीनं घासून काढला, म्हणजे मासा सुटायला सोपा. काठी आणि जाड पिवळी दोरी हैदराबादहून आली. ती काठी शेषेरावनं मोटरीच्या खोलीत, एका रिकाम्या पाइपात लपवली.

आणि मग तो देवळात गेला. एकटाच. विठ्ठलापुढं उभा राहून म्हणाला, "बा पांडुरंगा, मी मारणार न्हाई, खाणार न्हाई, निस्ता धरीन आन् सोडीन. पर ज्या दिवशी माज्या हातात एक बी मासा मेला, त्या दिवशी ही माळ माज्याच हातानं काढून तुज्या पायाशी ठेवीन. चारचौघांत सांगून ठेवीन."

हे त्यानं मकबूललाही सांगितलं. मकबूल हसून हसून खोकायला लागला. "अरे, तू त्याला गळ टोचतो, ओढत आणतो, मग सोडतो. त्यो मासा काय तुला राम राम घालत असंल?"

"तू शिवणकाम कर," शेषेराव म्हणाला.

पण तीन वर्षांत एक मासा मेला नाही, हे खरं. प्रत्येक मासा तो पाण्यातून वर घ्यायचा, दोन्ही हातांनी कपाळाला लावायचा, तीनदा 'राम कृष्ण हरी' म्हणायचा आणि सोडायचा. बोटभर, वीतभर मासे. सळकन निघून जायचे. तेवढ्यानं त्याचं मन निवायचं.

यंदा माघात गावचा सप्ताह बसला. तुम्हांला ठाऊक असेल, सात दिवस देवापुढं कुणीतरी वीणा घेऊन उभं असतं, तासातासाचा पहारा. वीणा खाली टेकवायची नाही, नाम थांबवायचं नाही. ह्या गावाची त्यात आणखी एक रीत होती. फळ्यावर ज्याचं नाव लिहिलंय, वीणा त्याच्याच हातात द्यायची. तो आला नाही तर आधीच्यानं तसंच उभं राहायचं, मग पाय का मोडेनात. ही रीत शेषेरावच्या बापानंच घातलेली, आणि त्यांच्या घरचा पहारा आजवर कधी चुकला नव्हता.

सहाव्या दिवशी संध्याकाळी सात ते आठ शेषेरावचं नाव होतं. त्याच्या आधी केरबा. केरबाचं वय बहात्तर, गुडघे सुजून भोपळे झालेले, पण पहारा सोडा म्हटलं तर अंगावर यायचा.

साडेपाचला शेषेराव आंघोळ करून, धुवट धोतर नेसून, बुक्का लावून तयार बसला होता. तेवढ्यात मकबूलचा फोन आला. देवाचा सप्ताहाचा पोशाख दरसाल मकबूलच शिवायचा. तोच घेऊन तो स्कूटीवरून येत होता आणि पाण्याकडेच्या रस्त्यावर थांबला होता.

"शेषा, पाखरं उठून राहिली," तो हळू आवाजात म्हणाला. "आभाळभर. आन् बुडीत बाभळीपाशी त्यो हाय."

शेषेराव बसल्या जागेवरून उठलाच.

ती पाखरं म्हणजे पाण्यातले पंखवाले किडे, वर्षातून चार-दोनच संध्याकाळी उठतात. वारा पडलेला, हवा ऊबदार, असा योग लागतो. एरवी ती तळाच्या चिखलात असतात. मग एकाच वेळी सगळी वर येतात, पाण्यावर बसून पंख वाळवतात आणि उडतात. तेवढा तास-दीड तास मासे पिसाळल्यासारखे करतात. सकाळी पाहावं तर काठाला मेलेल्या पाखरांचा नुसता थर. आणि 'त्यो' म्हणजे एक कटला मासा. परातीएवढं तोंड, बाभळीच्या बुडाशी ठाण मांडून बसलेला. दोन वर्षं शेषेराव त्याच्या मागं होता. ह्या पाखरांशिवाय तो कशालाच वर येत नसे.

"सातला माजा पहारा हाय, मकबूल."

"आत्ता कुठं साडेपाच झालेत. मी नेतो, मी आणतो. स्कूटी कशाला हाय मग?"

नको म्हणायला हवं होतं. शेषेरावला ते त्या क्षणीही कळत होतं. पण तोंडातून निघालं भलतंच.

गुणाबाई देवळात न्यायच्या पोळ्यांची टोपली भरत होती. "कुठं निघालात?"

"मोटर चालू ऱ्हायली. बंद करून येतो."

"सातच्या आत या बरं. केरबा भावजींचे पाय बगितले का सकाळी? उभं ऱ्हावत न्हाई त्यांना."

"येतो म्हनलं ना!" तो उगीचच खेकसला.

मोटरीच्या खोलीतून काठी घेऊन पाण्यावर पोचले तेव्हा सहाला दहा कमी होते. शेषेरावनं धोतर वर खोचलं आणि मांडीएवढ्या पाण्यात उतरला. पाखरं तोंडावर, कानात, भुवयांवर. पाणी जागोजाग फुटत होतं. बाभळीपाशी मधूनच एक मोठा भोवरा उठायचा आणि विरायचा. पाण्यावरून देवळाच्या भोंग्याचा आवाज येत होता. हरिपाठ सुरू झाला होता. हरिपाठ संपला की सात, एवढं सरळ गणित. शेषेरावचा एक कान तिकडं आणि दोन्ही डोळे बाभळीकडं.

दोरी मागं, दोरी पुढं, पीस पाण्यावर अलगद टेकलं. कटल्यानं शेजारचं खरं पाखरू घेतलं. पुन्हा टाकलं. पुन्हा तेच.

"सव्वासहा," काठावरून मकबूल म्हणाला.

"आता एकच."

असे 'एकच' चारदा झाले. निघ, निघ शेषेराव, असं आतून कुणी सांगत होतं आणि हात आपला दोरी सोडतच होता. पाचव्यांदा पीस टेकलं, त्याच्याखाली पाणी जरासं फुगलं आणि पीस गेलं. शेषेरावनं काठी उचलली. पलीकडून असा ओढा बसला की तो दोन पावलं पुढं गेला.

"लागला!" मकबूल किंचाळला, आणि मग घड्याळ पाहून त्याचा चेहरा उतरला. "शेषा, साडेसहा झाले."

मासा खोल गेला, बाभळीला वळसा घालू पाहू लागला, पुन्हा उघड्यावर आला. दोरी बोटं कापत होती. हरिपाठाचा आवाज चढत चालला होता. शेवटाकडं आला की तो असाच चढतो.

"तोड दोरी!" मकबूल ओरडला. "सोड त्याला!"

"गळ तोंडात घिऊन फिरंल त्यो. मरंल!"

"काटा घासलाय मी! दोरी ढिली कर, आपोआप निघतो गळ. ठाऊक न्हाई का तुला?"

ठाऊक होतं की. चांगलं ठाऊक होतं. पण शेषेरावनं ऐकलं नाही असं दाखवलं. खोटं कशाला बोलायचं, त्याला तो मासा एकदा हातात घ्यायचा होता. दोन वर्षांचा हट्ट होता. त्यानं दोरी ढिली केली नाही.

वीस-बावीस मिनिटं गेली. मासा दमला, आडवा झाला, ओढ देईना. शेषेरावनं गळ काढला, तो नुसत्या स्पर्शानं निघाला. मग दोन्ही हात खाली घालून त्यानं कटला वर उचलला. आठ-नऊ किलोचा ऐवज! पाण्यातून वर येताना त्याचे रुपयाएवढे खवले चमकले. एवढं मोठं देणं देवानं दिलं, मग तीनदा नाम कसं पुरेल? त्यानं मासा कपाळाला लावला आणि अकरा वेळा म्हणायचं ठरवलं. "राम कृष्ण हरी." डोळे मिटलेले. "राम कृष्ण हरी." सावकाश, मनापासून. मासा हातात एकदा थडथडला, पुन्हा थडथडला, मग गप्प झाला. शेषेरावला वाटलं, नाम ऐकून शांत झाला.

अकरा झाले. त्यानं मासा पाण्यात सोडला. मासा एका अंगावर कलला, उलटा झाला आणि पांढरं पोट वर करून तरंगला.

"अरे," शेषेराव म्हणाला. "अरे अरे अरे."

त्यानं झडप घालून मासा धरला. सरळ केला. सोडला की पुन्हा उलटा. एक हात पोटाखाली, एक शेपटीपाशी, असा धरून तो त्याला हळूहळू पुढं ढकलायला लागला, म्हणजे तोंडातून पाणी आत जाईल. कल्ले हलत होते, पण कसे? एकदा उघडायचे, आणि मग इतका वेळ काही नाही की शेषेरावचा स्वतःचा श्वास अडकायचा. मग पुन्हा एकदा.

भोंग्यातला हरिपाठ संपला.

"शेषा, चल. सात."

"मरून राहिलाय त्यो, मकबूल!"

"अरे, तिकडं केरबा उभा हाय!"

"मला दिसत न्हाई व्हय? पर ह्याला सोडला तर पालथा व्हतोय. हातात मेला तर माळ गेली माजी. सोडला आन् मेला तर बी मीच मारला." शेषेराव रडकुंडीला आला होता. "तू जा. तू देवळात जा, रेवणसिद्धाला सांग दुसऱ्या कुणाला उभं कर. जा ना!"

मकबूल स्कूटी घेऊन गेला. शेषेराव एकटा राहिला. अंधार पडला होता, चांदण्यात दिसेल तेवढंच. पाखरांचा जोर संपला होता, मेलेली पाखरं त्याच्या मांड्यांना चिकटत होती. एवढ्यात भोंग्यातून आवाज आला. रेवणसिद्धाचा. सप्ताहाचा सगळा कारभार त्याच्याकडं. "शेषेराव काका जिथं असतील तिथून ताबडतोब मंदिरात यावं. केरबा काका उभे आहेत." थोडा वेळ टाळ. मग पुन्हा, "शेषेराव काकांनी ताबडतोब यावं. सात वाजून गेले आहेत." सगळ्या शिवारानं ऐकलं असेल. शेषेराव पाण्यात उभा राहून माशाच्या कल्ल्यांकडं बघत होता आणि कुणाची माफी मागावी हेच त्याला समजत नव्हतं. "हाल रे बाबा," तो म्हणाला. "एकदा शेपटी हलव. एकदाच."

स्कूटी परत आली. मागच्या सीटवर गुणाबाई होती.

मकबूल दुरूनच ओरडला, "रेवणसिद्ध म्हणाला, फळ्यावर नाव ज्याचं, त्यानंच यायचं! केरबा बी दुसऱ्याला द्यायला तयार न्हाई! आन् वहिनीनं मला दारातच धरलं. मी काय करू?"

गुणाबाई काठावर आली. काठी पाहिली, पिवळी दोरी पाहिली, पाण्यात धोतर खोचून उभा नवरा पाहिला. शेषेरावला वाटलं, आता धरणी पोटात घेईल तर बरं. चाळीस वर्षांच्या संसारात ह्या बाईपासून त्यानं एवढी एकच गोष्ट लपवली होती.

"ही व्हय मोटर," ती म्हणाली.

"गुणे, मी खात न्हाई. देवाशपथ, तीन वर्सांत एक बी मासा..."

"कितीदा वर धरला ह्याला?"

"एकदाच. कपाळाला लावला. अकरा नामं घेतली."

"अकरा!" ती भडकलीच. "पाण्यातला जीव तुमी वाऱ्यावर धरून अकरा नामं घेतली? तुमचं तोंड पाण्यात दाबून कुणी नाम घेतलं तर जगशाल का तुमी? भक्ती करून राहिलात का मुंडी पिरगाळून राहिलात?"

शेषेरावच्या डोक्यात तेव्हा कुठं उजेड पडला. छोटे मासे तीन नामांत निभावून गेले होते. हा दमलेला, धाप लागलेला, आणि त्याच्या भक्तीनंच त्याचा श्वास कोंडला होता.

"गुणे, मी देवाला शब्द दिलाय," तो कसाबसा म्हणाला. "माज्या हातात मासा मेला तर माळ काढीन म्हणून."

गुणाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. मग माशाकडं पाहिलं, जरा जास्तच वेळ. तिच्या हातांनी आजवर कितीतरी वासरं, करडं ओढून काढलेली, नाकात फुंकून जगवलेली. आणि न जगलेलीही बरीच. तिनं पदर खोचला, लुगडं तसंच राहू दिलं आणि पाण्यात उतरली.

"द्या इकडं."

"तुज्या बी गळ्यात माळ हाय, गुणे."

"द्या म्हनलं ना! मला जनावर धरता येतं. तुमी जा. त्या म्हाताऱ्याचे पाय मोडतेत तिकडं."

तिनं त्याच्या हातांखाली आपले हात घातले आणि मासा घेतला. त्या क्षणी कल्ला एकदा उघडला, हे शेषेरावनं स्वतः पाहिलं. "हलला!" तो म्हणाला.

"हाव, हलला. जा आता."

मकबूलच्या स्कूटीवरून देवळात जाईपर्यंत त्याच्या दातांवर दात वाजत होते. धोतर ओलं, हाताला माशाचा वास. मांडवात शिरला तर सगळी डोकी वळली. केरबा देवापुढं उभा होता, चेहरा पांढराफटक, दोन्ही पाय लटलट कापत होते, पण वीणा छातीशी घट्ट.

"केरबा, थांब, माजे हात..." शेषेराव बोलायला गेला.

"घे आधी!" केरबानं वीणा त्याच्या अंगावरच टाकली म्हणा ना, आणि तो तिथंच बसला. दोघांनी धरून त्याला कडेला नेलं. शेषेरावच्या हातात वीणा आली होती. आता आठपर्यंत ती खाली ठेवायची नाही, नाम सोडायचं नाही.

तो नाम घेत होता, पण मन सगळं पाण्यात. सरळ झाला असेल का? शेपटी मारली असेल का? गुणाबाईच्या हाताला गुण आहे, मेलेलं करडू तिनं उठवलं होतं एकदा. मकबूल तिला आणायला परत गेला होता. त्याला उशीर होत होता, म्हणजे ती अजून धरून उभी असेल, म्हणजे जीव असेल. शेषेराव असे हिशेब मांडायचा, मोडायचा आणि वीणेच्या तारेवर बोट आपटायचा. बोटाला वास येतच होता. मांडवाच्या तोंडाशी कुणी आलं की मान तिकडं वळायची.

साडेसातच्या सुमाराला गुणाबाई आली. छातीपर्यंत भिजलेली, लुगड्याला चिखल. ती बायकांच्या बाजूला गेली नाही. टाळकऱ्यांच्या दोन रांगांमधून सरळ देवापुढं आली. शेषेरावनं तिचे डोळे पाहिले आणि त्याला कळलं.

"रेवणसिद्धा," ती म्हणाली, "मासा मेला."

रेवणसिद्ध गोंधळला. "कसला मासा, काकू?"

"कटला. धरणातला. गळाला लागला व्हता, सोडवून पाण्यात धरला व्हता." तिचा आवाज टाळांच्या वरून स्वच्छ ऐकू येत होता. "ह्यांच्या हातात व्हता तवर जिता व्हता. माज्या हातात आल्यावर मेला. मकबूलभाऊनं बगितलंय, त्यांना इचारा. जीव माज्या हातात गेलाय."

तिनं दोन्ही हात मानेमागं नेले, माळ काढली आणि विठ्ठलाच्या पायाशी ठेवली. नमस्कार केला. उठून, पाठ न दाखवता, तशीच मागं मागं गेली आणि मांडवाबाहेर जिथं लोकांनी चपला काढल्या होत्या तिथं जाऊन बसली.

शेषेराव वीणा घेऊन उभाच होता. आता त्याला सगळं लख्ख दिसत होतं. तिला काठावरूनच कळलं होतं. मरतं जनावर ती शंभर पावलांवरून ओळखायची. मासा जगवायला ती पाण्यात उतरलीच नव्हती. मेला तर नवऱ्याच्या हातात मरू नये, एवढ्यासाठी तिनं तो घेतला होता. आणि आपण शहाणे 'हलला' म्हणून खुशाल निघून आलो!

त्याचा उजवा हात आपोआप गळ्याकडं गेला. वीणा निसटायला लागली.

"वीणा!" कोपऱ्यातून केरबा ओरडला.

त्यानं ती पुन्हा दोन्ही हातांनी धरली. माळ काढायला हात पाहिजे होता, आणि हात मोकळा नव्हता.

"गळ माजा व्हता," तो म्हणाला. टाळांत ते कुणालाच ऐकू गेलं नाही. "गळ माजा व्हता!" तो पुन्हा म्हणाला, ह्या वेळी घसा फोडून. "तिनं न्हाई मारला! मी मारला! तीन वर्सांपास्नं मी मासे धरतो!"

टाळ अडखळले, पण थांबले नाहीत, थांबायची रीतच नाही. रेवणसिद्ध जवळ आला. "काका, पहारा होऊ द्या," तो कानाशी म्हणाला. "आठला वीणा द्या, मग काय बोलायचं ते बोला."

आठला! अजून अर्धा तास ती बाई तिथं चपलांत ओल्या अंगानं बसणार, आणि आपण इथं देवापुढं, गळ्यात माळ घेऊन! शेषेरावला ते सहन होईना. वीणा टेकवायची नाही, नाम सोडायचं नाही, हे नेम वाडवडलांपासूनचे. उभं कुठं राहायचं, त्याचा नेम कुणी घातला नव्हता. त्यानं वीणा छातीशी धरली, विठ्ठलाकडं एकदा पाहिलं आणि वळून चालायला लागला. रांगांमधून, लोकांच्या तोंडासमोरून, नाम घेत घेत मांडवाबाहेर आला आणि चपलांच्या ढिगापाशी, गुणाबाईच्या शेजारी उभा राहिला.

आत टाळकऱ्यांची चुळबुळ झाली. वीणा एकीकडं आणि देव एकीकडं, तोंड कुठं करावं? मग एक जण वळला, त्याच्या पाठोपाठ दुसरा, आणि हळूहळू दोन्ही रांगा बाहेरच्या बाजूला तोंड करून उभ्या राहिल्या. मकबूल स्कूटीपाशी देवाचा पोशाख काखेत धरून रडत होता.

शेषेराव तिच्याकडं वाकला. "गुणे," तो म्हणाला, "कामून केलंस असं?"

गुणाबाईनं वर पाहिलं नाही. ती पदर पिळत होती.

"नाम घ्या," ती म्हणाली. "खंड पाडू नका."

त्यानं नाम घेतलं. आठ वाजायला अजून बावीस मिनिटं होती.